पंगतीतला प्रश्न

पंढरीत महाद्वारी नामदेवरायांच्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. तिथे माथा टेकूनच आपण आत जातो. पण त्यांच्या ज्ञातीला राउळाचे दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषण करून प्राण पणाला लावावे लागले. दाराचा भेद उघड दिसतो, कायद्याने मोडतोही. दुसरा बारीक असतो. दिंडीत एकमेकांच्या पाया पडायचे, आणि मुक्कामी पंगत बसली की हळूच विचारायचे, "माउली, आडनाव काय आपले?" भाकरी वाढायला आडनाव कशाला हो लागते? उपाधी आत्म्याला चिकटत नाही, हे वेदान्तात आम्ही लहानपणीच घोकले. आडनाव ऐकून वाढताना ज्याचा हात आखडतो, त्याच्या कपाळीचा बुक्का आम्ही काय समजावा?