चक्कर

आमच्या भाच्याच्या डोक्यात रत्नागिरीच्या सड्यावर गो-कार्टचा ट्रॅक काढायचं शिरलं आहे. सडा वडिलोपार्जित. तिथे गवत आणि भाऊबंदकी यांखेरीज काही उगवत नाही. (कातळशिल्प मात्र निघू शकतं. तेव्हा आधी नीट बघ, असं मी बजावलं आहे.)

"मामा, कोल्हापूरला मोहित्यांचा ट्रॅक आहे, मग आपल्याकडे का नको?"

"आणि इथे 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याचं काय? चार महिने ट्रॅक बंद!"

"आंबेवाले बाकीचे दहा महिने काय करतात?"

यावर रत्नागिरीकर काय बोलणार?

बोलले ते शेजारचे तात्या. "अहो, पैसे घेऊन माणसाला निघाल्या जागी परत आणून सोडायचं, हा धंदा की फसवणूक?" आता जत्रेतला पाळणा तरी कुठे पोचवतो? देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्यालाही आपण 'गाव किती लांब राहिलं?' असं विचारत नाही.

पण तात्यांचा खरा पेच पुढेच होता. कार्टवर बसण्यापूर्वी फॉर्म भरून घेतात : काही झाल्यास जबाबदारी माझी. तात्या म्हणाले, "धोका असेल तर पैसे घेऊन त्यात लोटणं पाप. नसेल तर धोका म्हणून विकणं लबाडी."

विकतात ते काय, हे पाहायला हवं. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलं, ती पहिली कार्ट. स्प्रिंगा नाहीत, बूड जमिनीला टेकल्यासारखं, त्यामुळे प्रत्येक खडा थेट मणक्यात कळतो आणि चाळीसचा वेग ऐंशीचा वाटतो. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या वाटण्याचे, आणि ते त्याला ठाऊक असतं. कर्नाटकी आंबा हापूस म्हणून गळ्यात मारण्याइतकं हे वाईट खास नाही.

शिवाय वेगाची हौस ट्रॅक नसला म्हणून थांबत नाही. ती भाट्याच्या पुलावर जाते, आंबा घाटात जाते. तिथे समोरून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या बाईने कुठल्या फॉर्मवर सही केलेली असते? ट्रॅकवर निदान ज्याची हौस त्याचीच हाडं.

इथवर मी भाच्याच्या बाजूचा. पण 2020 साली हैदराबादजवळ एका तरुण मुलीचे केस कार्टमध्ये अडकून तिचा जीव गेला. कार्टचा मागचा ॲक्सल पाठीमागेच गरागरा फिरत असतो, केस नि ओढणी ओढून घेतो, हे जिला कुणी सांगितलंच नाही, तिच्या सहीला काय अर्थ? आणि बारा वर्षांच्या पोराची सही तर बापच करतो. करतो आणि कठड्याबाहेर उभा राहून व्हिडिओ काढतो!

म्हणून भाच्याला सांगितलं, केस बांधल्याशिवाय, ओढणी काढून ठेवल्याशिवाय, हेल्मेट घातल्याशिवाय कुणाला बसवायचं नाही. 'जरा जोरात सोडा हो' म्हणणाऱ्याला तर नाहीच.

"अशाने गिऱ्हाईक परत जाईल, मामा."

"जाऊ दे."

तात्या मात्र उद्घाटनाला येणार आहेत. फॉर्म आठ दिवस आधी घरी पाठव म्हणाले, वाचायला.