तपासणाऱ्याला कोण तपासणार?

संगणक चालू केला की तो आधी स्वतःची तपासणी करतो. वीज मिळताच प्रोसेसर चिपमध्ये साठवलेल्या पहिल्या आज्ञा वाचू लागतो. मेमरीत ठरावीक आकडे लिहून ते तसेच परत वाचता येतात का, हे पाहिले जाते; साठवलेल्या प्रोग्रॅमची बेरीज नोंदलेल्या बेरजेशी ताडली जाते. हे सारे जुळले की मगच ऑपरेटिंग सिस्टीमची पाळी येते. पण ही तपासणी करणारा प्रोसेसर आणि त्या पहिल्या आज्ञा निर्दोष आहेत, हे कोणी पाहिले? त्यांच्यावर दुसरा तपासनीस नेमला, तर त्याला तपासायला तिसरा लागतो. भारतीय तर्कशास्त्र याला अनवस्था म्हणते.

हा पेच फार जुना आहे. प्रमाणांनी वस्तू सिद्ध होत असतील, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात, असा प्रश्न नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त विचारला. न्यायसूत्रांत यावर तराजूचा दाखला आहे. तराजू वजन सांगतो, पण वजन माहीत असलेले सोने पारड्यात टाकून खुद्द तराजूही पारखता येतो. सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोटे पाडणारे दुसरे ज्ञान किंवा साधनातला दोष समोर येईपर्यंत त्यावर विसंबणे योग्यच. नैयायिकांना हे पुरेसे वाटले नाही. त्यांच्या मते ज्ञानाचा खरेपणा बाहेरून कळतो, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती फळली की.

नाशिकजवळ ओझरला या दोन्ही मतांची गाठ पडते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा तिथला कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. पुढे तिथे सुखोई-३० बनली आणि आता तेजस बनते. तेजसच्या उड्डाण-नियंत्रण संगणकात चार समांतर वाहिन्या आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांशी ताडली जातात आणि उड्डाणाआधी जमिनीवर स्वयंचाचणी होते. एका वाहिनीची चूक बाकीच्या तीन उघडी पाडतात. मात्र सगळ्यांत एकच चूक असेल, तर त्यांचे एकमत काहीच सिद्ध करत नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट उडाल्यावर चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्याची दिशा सांगणारे मुख्य आणि राखीव असे दोन्ही संगणक एकाच प्रोग्रॅममधल्या एकाच दोषाने बंद पडले होते.

म्हणून सुरुवातीच्या चाचणीचा निकाल मीमांसकांच्या अर्थानेच घ्यावा लागतो: दोष दिसला नाही, सबब पुढे जायला हरकत नाही. यंत्र खरे आहे, हे म्हणायला नैयायिकांची कसोटी लागते. नाशिकला बनलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून आकाशात झेपावले, तेव्हा ते चाचणी वैमानिकाच्या हाती होते.