टायर निघाला नाही, म्हणून?



आज गीतेचा अध्याय २, श्लोक ४७. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही, हे सांगणारा. आपल्या सगळ्यांना पाठ आहे, ऑफिसच्या कॉफी मगवर छापलेलाही पाहिलाय. पण सुरुवात सायकलच्या टायरपासून करतो, कारण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात तोच फिरतोय.

माझा आतेभाऊ रोह्याला असतो, कॉलेजात आहे. सायकलचं प्रचंड वेड. त्याने रेसिंग सायकलची वापरलेली चाकं मिळवली, ट्युब्युलर टायरची. साध्या टायरच्या कडेला तार असते, ती रिमच्या ओठात अडकून बसते. ट्युब्युलरमध्ये ट्यूब टायरच्या पोटातच शिवलेली असते आणि रिमला ओठच नसतो, नुसती उथळ पन्हळ. टायर तिथे राहतो तो मुख्यतः चिकटवल्यामुळे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात तशी ही गोष्ट नाही. धाव तापवून घालतात, वर पाणी ओततात, ती आवळते आणि चारचौघांना दिसते. ट्युब्युलरचा ग्लू टायरखाली गेला की कुणालाच दिसत नाही. लावणाऱ्यालाच ठाऊक.

काम अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. आधी टायर कोऱ्या रिमवर चढवून, हवा भरून एक-दोन दिवस ताणायचा. मग रिमला ग्लूचा पातळ हात द्यायचा, टायरच्या पोटावरच्या पट्टीलाही द्यायचा आणि रात्रभर वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. शेवटचा हात ओलसर असतानाच व्हॉल्व्हपासून सुरुवात करून टायर चढवायचा, सरळ करायचा, हवा भरून निदान एक दिवस तसाच ठेवायचा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेपही मिळते, तिने अर्ध्या तासात काम होतं. पण ती सोमवारशिवाय येणार नव्हती आणि भावाला रविवारी ताम्हिणीला जायचं होतं. मी शनिवारी सकाळी पुण्याहून पोचलो. बाहेर पाऊस. अशा हवेत रोह्यात दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तर ग्लू काय वाळणार!

मी एकच हात दिला. दुपारी बोटाला चिकट लागत होता, तरी टायर चढवला. पक्का बसलाय का हे बघायची सोपी रीत आहे: हवा सोडायची आणि अंगठ्याने टायर कडेला ढकलायचा. काही देशांत शर्यतीआधी पंच स्वतः असं ढकलून बघतात. मी ढकलून बघितलं नाही. विसरलो नव्हतो. उत्तर काय येईल याचा अंदाज होता, म्हणून प्रश्नच विचारला नाही. (शुक्रवारी संध्याकाळी टेस्ट न चालवता कोड प्रॉडक्शनला ढकलणाऱ्यांना हे लगेच कळेल.)

रविवारी तो कोलाड, सुतारवाडी, विळे करत घाट चढला आणि त्याच रस्त्याने उतरला. उतारावर सतत ब्रेक दाबला की रिम तापते, रिम तापली की ग्लू मऊ पडतो. दुपारी त्याचा फोन आला, "दादा, एकदम मख्खन!" मी हसलो आणि जेवायला बसलो.

दोन आठवड्यांनी ते चाक पंक्चर झालं. टायर काढायला मी बसलो. नीट चिकटवलेला ट्युब्युलर काढताना अंगठे दुखून येतात. हा भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा हातात आला. व्हॉल्व्हजवळची वीतभर जागा तर कोरडीच होती.

आता प्रश्न. काहीच झालं नाही, मग मी काही चुकीचं केलं का? भावाला सांगितलं तर तोही हेच म्हणाला, "पण झालं नाही ना काही?"

इथे ४७वा श्लोक आपल्याला फारच सोयीचा वाटू शकतो. फळाकडे बघायचं नाही ना? मग झालं! पण अध्याय १८, श्लोक २५ काढून बघा. परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता, मोहाने सुरू केलेलं कर्म तिथे तामस म्हटलंय. म्हणजे एकीकडे फळाकडे पाहू नको आणि दुसरीकडे परिणामाकडे न पाहणं हाच दोष. मला हा बरेच दिवस विरोधाभास वाटायचा. तो टायर हातात धरून बसलो तेव्हा थोडं उलगडलं. २५वा श्लोक पुढे काय घडलं हे विचारतच नाही. सुरू करताना तुझ्या मनात काय होतं आणि तू काय बघायचं टाळलंस, हे विचारतो. त्या हिशेबाने माझं कर्म शनिवारी दुपारीच ठरून गेलं होतं. रविवारी भाऊ सुखरूप आला, त्याने त्यात काही बदलत नाही.

उलटंही घडतं. १४ जुलै २००३, टूर द फ्रान्स. जोसेबा बेलोकी एकूण क्रमवारीत दुसरा, आर्मस्ट्राँगच्या जेमतेम ४० सेकंद मागे. गाप गावाकडे उतरताना उन्हाने रस्त्याचं डांबर वितळलेलं. त्याचं मागचं चाक अडकलं, टायर रिमवरून निघाला, तो आपटला. मांडी, कोपर, मनगट, तिन्हीकडे हाडं मोडली. त्यानंतर तो पूर्वीचा बेलोकी कधीच झाला नाही. कुणी कितीही निगुतीने चिकटवलेलं असो, वितळलेल्या डांबराचं काय करणार? अध्याय १८, श्लोक १४ मध्ये कर्माची पाच कारणं दिलीत, त्यात पाचवं दैव आहे. माझ्या बाबतीत ते पाचवं चांगलं निघालं, आणि मी ते स्वतःच्या खात्यावर जमा करून जेवायला बसलो.

तरी एक गोष्ट मला सुटत नाही, खरं सांगतो. तो पडला असता तर मला आज वाटतं तेवढंच वाईट वाटलं असतं का? नाही. शंभर पटीने वाटलं असतं. आत्यासमोर उभं राहता आलं नसतं. कर्म तेच, शनिवारची दुपार तीच, मग मन असं वेगवेगळं का तोलतं? कदाचित आपल्याला पश्चात्तापही फळ बघूनच करायची सवय आहे. कुणाला नीट उत्तर सुचलं तर मला हवंय.

आत्याला मी सगळं सांगितलं. ती चहा गाळत होती. एवढंच म्हणाली, "मग आता नीट लाव."

सध्या चाक तिच्या माळ्यावर टांगलेलं आहे. जुना ग्लू खरवडून काढला, दोन हात झाले, दुसरा अजून वाळतोय. काल भावाचा फोन आला, "दादा, रविवारपर्यंत होईल ना?"

मी म्हटलं, पाऊस थांबला तर बुधवारी. तेव्हा अंगठा तू लाव.