पाण्याखालचं देऊळ

आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 23 वा श्लोक. आत्म्याला शस्त्र तोडत नाही, अग्नी जाळत नाही, पाणी भिजवत नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात.

हा श्लोक वाचला की मला पळसदेव आठवतं. इंदापूर तालुक्यातलं हे जुनं गाव उजनी धरणात गेलं. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. पळसनाथाचं शिवलिंग लोकांनी नव्या गावात नेलं, जुनं देऊळ भीमेच्या पाण्यात राहिलं. एका उन्हाळ्यात पाणी खूप ओसरलं, तेव्हा मी होडीने तिथे गेलो. पडझड झालेली, पण विटांचं शिखर अजून उभं. आवारात वीरगळ. गाभारा मात्र रिकामा.

मनात आलं, देव कुठे बुडतो? तो तर माणसांबरोबर निघाला! पण घरं, शेतं, अंगणं बुडालीच ना? "आत्मा अमर आहे" हे वाक्य दुसऱ्याचं दुःख झटकून टाकायला नाहीये. भगवंतांनी ते खचलेल्या अर्जुनाला सांगितलं, तेही आधी त्याचा सारथी होऊन.

हीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. त्या स्नानात बुडालेल्या गावांचाही वाटा आहे.

आज एवढंच करूया. पाण्याचा पहिला पेला भरताना, धरणात गाव गेलेल्यांची आठवण काढू. आणि कुणी आपलं गमावलेलं सांगू लागलं, तर आधी ऐकू. श्लोक नंतर.

राम कृष्ण हरी!