एका धापेची तीन रूपे

हे सावकाश वाचावे. एकेका परिच्छेदाशी थोडे थांबावे, चित्र मनात उभे राहू द्यावे, मग पुढे जावे. विषय टेबलावर मावणारा आहे: वाफेच्या इंजिनाचे छोटे मॉडेल, त्यातून येणारा आवाज आणि त्याच्या धुराड्यातून निघणारा धूर. तो आवाज, तो धूर खरा कधी वाटतो? आणि कशामुळे? एवढाच प्रश्न घेऊन बसायचे आहे.

मॉडेलकडे जाण्याआधी खरे इंजिन डोळ्यांसमोर आणा. डब्ल्यूपी घ्या. १९४७ साली अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून ज्याची पहिली खेप भारतात आली ते, शंकूसारख्या नाकाचे, मेल-एक्स्प्रेस ओढणारे इंजिन. ते फलाटाला लागले आहे. अजून हललेले नाही, पण गप्पही नाही. बॉयलर खदखदतो आहे. आपल्याकडच्या गाड्यांना त्या काळी व्हॅक्यूम ब्रेक असत. नळांतली हवा वाफेच्या जोरावर खेचून काढावी लागे, त्याची सूं-सूं चालू आहे. अमेरिकेतल्या इंजिनाशेजारी उभे राहिला असतात तर ही सूं-सूं ऐकू आली नसती. तिथे एअर ब्रेकचा पंप धप् धप् करत असतो. नुसत्या उभ्या इंजिनाच्या आवाजालाही गाव असते. डब्ल्यूपीच्या मॉडेलात पंपाची धपधप भरली, तर ती कितीही स्वच्छ वाजली तरी खोटीच.

आता ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, उघडतो. सिलिंडरच्या तळाच्या तोट्या उघड्या आहेत, कारण आत साचलेले पाणी आधी बाहेर जायला हवे. चाकांच्या दोन्ही अंगांना वाफेचे पांढरे लोट पसरतात. इंजिन जरासे अंग हलवते. आणि धुराड्यातून पहिला फुत्कार येतो.

इथे थांबा. हा फुत्कार कशाचा?

सिलिंडरमध्ये शिरलेल्या वाफेने पिस्टन ढकलला, चाक फिरले. काम संपलेली ती वाफ धुराड्याखालच्या निमुळत्या नळीतून जोराने वर सुटते. त्या जोराचा आवाज आपण ऐकतो. जाताना ती भट्टीतला धूर स्वतःबरोबर ओढून नेते, तो आपण पाहतो. धूर ओढला गेला की मागून ताजी हवा निखाऱ्यांमध्ये शिरते आणि भट्टी फुलते. गाडी जितकी जड, तितका फुत्कार मोठा; फुत्कार जितका मोठा, तितका भट्टीला वारा अधिक आणि तितकी नवी वाफ तयार. कष्ट वाढले की बळ आपोआप वाढते. चाक, आवाज आणि धूर ही एकाच धापेची तीन रूपे आहेत, आणि त्यांतले एकही कुणाला दाखवण्यासाठी केलेले नाही.

हे नीट मनात बसू द्या. पुढचे सगळे याच्यावर उभे आहे.

आता मोजू या. सिलिंडर दोन. प्रत्येकात वाफ पिस्टनला पुढूनही ढकलते आणि मागूनही. दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी काटकोनात. म्हणून मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार. डब्ल्यूपीचे हे चाक १७०२ मिलिमीटर व्यासाचे. एका फेऱ्यात इंजिन सुमारे ५.३५ मीटर पुढे सरकते. ताशी १० किलोमीटरला सेकंदात दोन फुत्कार पडतात, प्रत्येक सुटा. ताशी ६० ला सेकंदात बारा. मग ते मोजता येत नाहीत, एकमेकांत मिसळतात. तीन सिलिंडरांच्या इंजिनाला सहसा फेऱ्यामागे सहा पडतात, म्हणून त्याची चालच निराळी ऐकू येते. मनातल्या मनात चार मोजा, सावकाश. एक, दोन, तीन, चार. चाक एकदा फिरले.

हेच इंजिन आता १:८७ या प्रमाणात लहान करा. मॉडेलवाले याला एचओ म्हणतात. जेमतेम फूटभर लांबी, मोठे चाक दोन सेंटिमीटरला किंचित कमी. हिशेबाने रुळाच्या दर दीड सेंटिमीटरला एक फुत्कार यायला हवा. पण आत काय आहे? विजेची मोटर. मोटरीला धाप लागत नाही, ती फक्त गुणगुणते. आवाज येतो तो टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, लपवलेल्या नखाएवढ्या स्पीकरमधून. धूर येतो तो धुराड्यातल्या तापत्या तारेवर हलके खनिज तेल उडून. चाक फिरवणारा एक, आवाज काढणारा दुसरा, धूर सोडणारा तिसरा, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही. मॉडेलमधल्या खरेपणाचा सारा प्रश्न इथे येऊन ठेपतो: या तिघांना पुन्हा एक धाप कशी द्यायची?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९३५ साली टेंडरमध्ये छोटी मोटर आणि पंखा बसवून हवेवर वाजणारी शिट्टी आणली. १९४६ मध्ये तिने धूरही आणला: खास दिव्याच्या तापलेल्या काचेवर अमोनियम नायट्रेटची गोळी टाकायची. ती पद्धत वर्षभरात मागे पडली आणि तापणारी तार आली. त्याच दशकात ए. सी. गिल्बर्ट कंपनीच्या अमेरिकन फ्लायर गाड्यांमध्ये एक वेगळी युक्ती दिसू लागली. इंजिनाच्या पोटात एक लहानसा पिस्टन; तो चाकांच्या गिअरवरून हलायचा, धूर वर ढकलायचा आणि ढकलताना झुक्, झुक् असा आवाजही करायचा. आवाज ओबडधोबड होता, मुलांच्या खेळण्यात शोभेल असा. पण या युक्तीवर क्षणभर मन ठेवा. चाक फिरले म्हणून पिस्टन हलला, पिस्टन हलला म्हणून धूर निघाला आणि आवाज झाला. रूप खेळण्याचे असले तरी नाते खऱ्या इंजिनाच्या अगदी जवळचे होते.

आजची पद्धत उलट बाजूने येते. मॉडेलमधल्या चिपमध्ये खऱ्या, जतन केलेल्या इंजिनांवर घेतलेले ध्वनिमुद्रण असते. चाकावरचा छोटा कॅम किंवा मोटरीच्या विजेतून काढलेला अंदाज, यांवरून चिपला चाक कुठे आहे ते कळते आणि ती तेवढ्या वेळी तेवढा फुत्कार सोडते. यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. मोटरीवर ताण किती येतो हेही चांगल्या चिपला समजते. चढ लागला, डबे जास्त जोडले, की फुत्कार जड होतो. उतार लागला की हलका होतो.

आणि उताराला खरा ड्रायव्हर काय करतो? रेग्युलेटर बंद करतो. वाफ सिलिंडरमध्ये जातच नाही, त्यामुळे फुत्कार थांबतो. ऐकू येते ती फक्त दांड्यांची खणखण आणि रुळांच्या सांध्यांची टकटक. गाडी वेगात आहे आणि इंजिन मात्र धाप टाकत नाही. ही शांतता मनात धरून पाहा. अनेक मॉडेलांमध्ये हीच नसते. चाक फिरते आहे तोवर फुत्कार वाजत राहतो, चढावर जसा तसाच उतारावर. ऐकणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण कान पाच मिनिटांत कंटाळतो. कष्ट न करता टाकलेली धाप कानाला कळते.

आता धुराकडे वळू. साध्या धूरनळीत, उदाहरणार्थ जर्मनीतल्या झॉइटे कंपनीच्या प्रसिद्ध नळ्यांमध्ये, तेल बारीक नळीत उकळते आणि लहान लहान झुळका वर येतात. त्यांना त्यांची स्वतःची लय असते, चाकाशी तिचा संबंध नसतो. मोठ्या प्रमाणाच्या मॉडेलांत बारीक पंखा बसवून दर फुत्काराला धूर फेकण्याची सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. अलीकडे ती १:८७ मध्येही आली आहे. लय जुळली की डोळ्याला लगेच पटते. तरीही काहीतरी उरतेच. का?

कारण इंजिन लहान करता येते, हवा लहान करता येत नाही. खऱ्या धुराड्यातून सुटलेला लोट प्रचंड वेगाने वर जातो, फुगतो, शेकडो लहान-मोठ्या भोवऱ्यांत फाटतो, आणि डब्यांवरून बराच वेळ रेंगाळतो. मॉडेलचा धूर मात्र उदबत्तीच्या धुरासारखा आधी एकसंध, गुळगुळीत चढतो आणि बघता बघता विरतो. १:८७ च्या ढगाची हालचाल खऱ्याशी जुळायची, तर काळ सुमारे नऊ पटींनी मंद करावा लागेल. सिनेमावाले लहान प्रतिकृतींचे चित्रण वेगवान कॅमेऱ्याने करून नंतर हळू दाखवतात, ते याचसाठी. टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाला ती सोय नाही. त्याचा डोळा धुराच्या विरण्यावरूनच इंजिनाचा आकार ओळखतो.

म्हणून पुष्कळांचा कल धूर वाढवण्याकडे होतो. जास्त तेल, जास्त दाट धूर. त्याने रुळांवर तेलाचा थर बसतो, चाके घसरतात, खोली कोंदट होते; खरेपणा मात्र वाढत नाही. खऱ्या रेल्वेत दाट काळा धूर ही शोभा मानली जात नसे. कोळसा नीट जळत नसल्याची ती खूण, आणि त्याबद्दल भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमनला बोलणी बसत. चांगल्या फायरमनच्या धुराड्यावर फिकट करडी झाक दिसायची. पांढरा लोट दिसतो तो बहुतांशी थंडीत, वाफेचे बारीक थेंब होतात तेव्हा. एप्रिलमधल्या भुसावळच्या कोरड्या दुपारी तीच वाफ दिसायच्या आधी हवेत नाहीशी होई. तेव्हा एखाद्या मॉडेलमधून जवळजवळ काहीच धूर येत नसेल, तर ते चुकीचे आहे असे समजू नका. कदाचित तिथे उन्हाळा आहे आणि फायरमन हुशार आहे.

आता अंतराचा विचार करा. तुम्ही मॉडेलपासून एक मीटरवर उभे आहात. त्या जगात हे अंतर ८७ मीटर झाले. ८७ मीटरवरून इंजिन कसे ऐकू येते? उंच, बारीक आवाजाचा काही भाग हवा वाटेत खाऊन टाकते. अधिक ठळक पोहोचतो तो खोल, छातीत जाणवणारा भाग. नखाएवढ्या स्पीकरचे नेमके उलट असते. शंभर हर्ट्‌झच्या स्वराची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब. एवढी हवा हलवण्याचे बळ त्या पडद्यात नसते. तो फुसफुस उत्तम वाजवतो, घुमणे त्याला जमत नाही. आवाज वाढवला की फुसफुसच वाढते, आणि इंजिन मोठे वाटण्याऐवजी जवळचा स्पीकर जाणवू लागतो. आवाज कमी केला की उरलेले काम कान स्वतः करतो.

यावर कुणी म्हणेल, मग खरी वाफच का वापरू नये? वापरली आहे. हॉर्नबी कंपनीने २००३ साली १:७६ प्रमाणात मॅलार्ड इंजिनाचे खऱ्या वाफेवर चालणारे मॉडेल काढले. टेंडरमध्ये विजेने पाणी उकळायचे आणि ती वाफ सिलिंडरमध्ये जायची. तिथे धाप एकच, चाक तिच्यावरच फिरते, पांढरा लोटही तिचाच. पण इतक्या लहान सिलिंडरमधून सुटणाऱ्या वाफेला खऱ्या इंजिनासारखा खणखणीत फुत्कार कुठून येणार? बागेत चालणारी त्याहून मोठी वाफेची मॉडेलही बरीच अबोल असतात. म्हणून काही हौशी मंडळी त्यांच्या वाफेच्या वाटेवर आवाज घुमवणारी नळी जोडतात. इथे थोडे अधिक थांबा. खऱ्या वाफेलाही खरे वाटण्यासाठी मदत लागते.

मग खरे म्हणजे कशासारखे? भारतात ब्रॉडगेजवरची वाफ १९९५ साली संपली. आज तिशीत असलेल्या माणसाने हा आवाज बहुधा सिनेमातच ऐकलेला असतो. सिनेमाला तर प्रत्येक इंजिन चढावर हवे असते आणि प्रत्येक धूर दाट. म्हणून कान तयार करायला हवा. दार्जिलिंगला गेलात तर वाफेच्या इंजिनाशेजारी नुसते उभे राहा. फोन खिशात ठेवा आणि ते चालत नसताना काय काय वाजते ते ऐका. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे धावत्या मॉडेलांकडे पाहताना ताणाचे भान ठेवा, ही गाडी आत्ता ओढते आहे की नुसती घरंगळते आहे, असे स्वतःला विचारा.

आणि घरी असे मॉडेल असेल, तर क्रम असा ठेवा. आधी चाकाच्या एका फेऱ्याला नेमके चार फुत्कार (तीन सिलिंडरांचे इंजिन असेल तर सहसा सहा) पडतात का ते तपासा. मग उतारावर ते थांबतील अशी सोय करा. मग आवाज निम्म्यावर आणा आणि फुसफुस कमी करा. इतके झाल्यावर धुराचा विचार करा, तोही बेताने आणि खिडकी उघडी ठेवून. चाकाशी इमान राखणारे बिनधुराचे इंजिन हे बेताल फुत्कारत खोली भरून टाकणाऱ्या इंजिनापेक्षा कधीही अधिक खरे. पैसे खर्च करायचे असतील, तर ते याच क्रमाने करा.