बंद पिशवीवरचा विश्वास : घरगुती डायलिसिस आणि प्रामाण्याचा प्रश्न

दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून केलेली कृती केव्हा विवेकाची ठरते आणि केव्हा भाबडेपणाची, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील, म्हणजे यथार्थ ज्ञानाच्या साधनांचा विचार करणाऱ्या शास्त्रातील, फार जुना प्रश्न आहे. वेदांच्या प्रामाण्यावरील वादात तो ऐरणीवर आला आणि त्या निमित्ताने नैयायिक व मीमांसक यांनी जी सूक्ष्म चर्चा केली, तिचा उपयोग वेदांपुरता मर्यादित राहत नाही. ज्या वस्तूची निर्दोषता वापरणाऱ्याला स्वतः तपासता येत नाही, पण जी वापरल्याशिवाय त्याचे जगणेच चालत नाही, अशा प्रत्येक वस्तूपुढे हा प्रश्न नव्याने उभा राहतो. घरी डायलिसिस करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत त्याला विशेष धार येते, कारण तो रोज काही लिटर परका द्रव स्वतःच्या शरीरात सोडत असतो आणि त्या द्रवाच्या शुद्धतेविषयी त्याच्यापाशी पिशवीवरील छापील मजकुराखेरीज फारसा आधार नसतो.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी कृत्रिम रीतीने काढून टाकण्याला डायलिसिस म्हणतात. त्याच्या पेरिटोनियल डायलिसिस या प्रकारात उदरपोकळीच्या आतील पातळ पडदा, म्हणजे उदरावरण, गाळण्याचे काम करतो. पोटात कायम बसवलेल्या मऊ नळीतून साधारण दोन लिटर द्रव आत सोडला जातो, काही तास तो आत ठेवला जातो आणि मग बाहेर काढून त्याच्या जागी नवा भरला जातो. दिवसातून चार वेळा पिशवी बदलणाऱ्या रुग्णाच्या पोटात अशा रीतीने वर्षाला सुमारे तीन हजार लिटर द्रव जातो. या क्रियेचे नियम कडक असतात. पंखा बंद करायचा, खिडक्या लावायच्या, तोंडाला मास्क बांधायचा, हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, पिशवी दाबून ती कोठे गळत नाही ना हे पाहायचे, मुदतीची तारीख वाचायची आणि जोडणीच्या उघड्या टोकाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. बाहेर आलेल्या द्रवाची पिशवी छापील कागदावर धरून अक्षरे स्पष्ट वाचता येतात की नाही हेही पाहायला शिकवले जाते, कारण पाणी गढूळ येणे ही उदरावरणाच्या दाहाची पहिली खूण असते.

महाराष्ट्रातील वाचकाला या नियमांवरून सोवळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण दोन्हीकडे स्पर्शाची मर्यादा, क्रमाचा आग्रह आणि चूक झाल्यास सारे पुन्हा आरंभापासून करण्याची शिस्त आढळते. परंतु हे साम्य वरवरचे आहे. सोवळ्याचे फळ शास्त्रकारांच्या परिभाषेत अदृष्ट, म्हणजे या लोकी पडताळून पाहता न येणारे मानलेले आहे. निर्जंतुकतेचे फळ दृष्ट असून ते एकदोन दिवसांत पोटदुखी, ताप आणि गढूळ पाणी यांच्या असण्यानसण्यातून प्रकट होते. शिवाय सोवळे पाळणाऱ्याला आपल्या सोवळ्याची हमी स्वतःच देता येते, तर डायलिसिसमधील शुद्धतेचा निम्माअधिक भाग रुग्णाच्या घरापासून दूर असलेल्या कारखान्यात ठरून गेलेला असतो.

शुद्धता हा वस्तूचा अंगभूत गुण नसून तिचा उपयोग कशासाठी व कोणत्या मार्गाने होतो यावर ती अवलंबून असते, ही गोष्ट येथे प्रथम ध्यानात घ्यावी लागते. धर्मशास्त्रातील द्रव्यशुद्धीच्या प्रकरणांतही धातू, वस्त्र, धान्य आणि भूमी यांच्या शुद्धीचे उपाय वेगवेगळे सांगितले आहेत. डायलिसिसच्या इतिहासात याच तत्त्वाचे एक दारुण उदाहरण सापडते. यंत्राच्या साहाय्याने रक्त शुद्ध करण्याच्या प्रकारात, म्हणजे हिमोडायलिसिसमध्ये, चार तासांच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर पाणी एका पातळ पटलापलीकडून रुग्णाच्या रक्ताला भिडते. गढूळ पाणी निवळण्यासाठी नगरपालिका तुरटी वापरतात व त्यातून पाण्यात उतरणारे अॅल्युमिनियम निरोगी माणसाच्या आतड्यातून फारसे शोषले जात नाही. परंतु डायलिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत आतड्याचा अडसर नसतो आणि शरीरात शिरलेला धातू बाहेर टाकणारी मूत्रपिंडेही नसतात. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल परिसरात घरी डायलिसिस करणाऱ्या रुग्णांची हाडे ठिसूळ होऊन मोडू लागली, अनेक ठिकाणी रुग्णांची वाचा व स्मृती ढासळू लागली, आणि १९७६ साली अमेरिकेतील अॅल्फ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेंदूविकाराचा संबंध अॅल्युमिनियमशी असावा असे दाखवले. ज्या तुरटीने पाणी पिण्यास शुद्ध होत होते, तिनेच ते या रुग्णांसाठी विषारी केले होते. ते पाणी पिण्याच्या पाण्याच्या निकषांवर उतरत होते; चूक होती ती एका उपयोगाचा निकष दुसऱ्या उपयोगाला लावण्यात.

वस्तू तपासता येत नसेल तर उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे, विश्वसनीय व्यक्तीचे, वचन. आप्त कोणाला म्हणावे याविषयी न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन तीन गोष्टी सांगतो : विषयाचे साक्षात ज्ञान, प्राण्यांविषयी दया आणि जसे आहे तसे सांगण्याची इच्छा. वेदांचे प्रामाण्य सिद्ध करताना न्यायसूत्रांनी दाखला दिला आहे तो आयुर्वेदाचा, त्यामुळे औषधाच्या क्षेत्रात आप्तत्वाचा विचार करणे ही या शास्त्रावर केलेली ओढाताण नव्हे. अडचण वेगळी आहे. वात्स्यायनाचा आप्त ही एक व्यक्ती आहे, तर आजची पिशवी एका संस्थेचे वचन घेऊन येते आणि संस्थेत हे तीन गुण एका ठिकाणी नांदत नाहीत : ज्ञान प्रयोगशाळेतील तंत्रज्ञापाशी असते, सांगण्याचा वा न सांगण्याचा अधिकार व्यवस्थापनापाशी असतो आणि दया कोणाच्या कर्तव्यांच्या यादीत असतेच असे नाही. औषधनियंत्रणाचे कायदे, तपासण्या आणि सक्तीने करायची निवेदने यांचे तात्त्विक प्रयोजन हेच, की विखुरलेले हे गुण बाहेरून एकत्र बांधावेत.

अशा वचनाचे प्रामाण्य कसे ठरावे याविषयी दोन भूमिका आहेत. कुमारिल भट्टाच्या मीमांसामताप्रमाणे ज्ञान स्वतःप्रमाण असते, म्हणजे विरुद्ध पुरावा पुढे येईपर्यंत ते खरेच धरावे लागते. कारण प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागितला तर त्या दाखल्यालाही तिसरा लागेल आणि अनवस्था, म्हणजे कोठेच न थांबणारी साखळी, निर्माण होईल. नैयायिकांच्या परतःप्रामाण्याच्या मताप्रमाणे ज्ञानाचे खरेपण बाहेरून, विशेषतः त्यावर आधारलेल्या कृतीच्या यशावरून, ठरते. पाणी दिसले, जवळ जाऊन प्यायले आणि तहान भागली, म्हणजे दिसले ते पाणीच होते. जयंत भट्टाने न्यायमंजरीत येथे एक व्यवहारी भेद केला आहे : जेथे चूक स्वस्तात कळते तेथे प्रामाण्य निश्चित होण्याआधीच माणसाने कृती केली तरी चालते, पण यज्ञासारख्या मोठ्या खर्चाच्या आणि कष्टाच्या कर्मात मात्र प्रवृत्त होण्यापूर्वीच निश्चय हवा. डायलिसिसचा रुग्ण या दुसऱ्या गटात मोडतो, कारण त्याच्या बाबतीत कृतीच्या यशापयशाची परीक्षा द्रव पोटात गेल्यावरच होते. त्याला पूर्वनिश्चय हवा आणि तो करण्याचे साधन तर त्याच्यापाशी नाही, असा हा पेच आहे.

हा पेच प्रत्यक्षात कसा उलगडतो हे २००२ सालच्या एका प्रकरणात स्पष्ट दिसते. आयकोडेक्स्ट्रिन हे मक्याच्या स्टार्चपासून तयार होणारे, ग्लुकोजच्या साखळ्यांचे द्रव्य डायलिसिसच्या एका प्रकारच्या द्रवात वापरले जाते. बॅक्स्टर कंपनीचा असा द्रव वापरणाऱ्या रुग्णांमध्ये त्या वर्षाच्या आरंभी उदरावरणदाहाच्या तक्रारी वाढल्या. पाणी गढूळ येत होते, पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, परंतु जंतूंची वाढ करून पाहण्याच्या तपासणीत जंतू सापडत नव्हते. कंपनीने मे २००२ मध्ये संशयित साठे परत मागवले. सप्टेंबर २००१ ते जानेवारी २००३ या काळात अशी १८६ प्रकरणे नोंदली गेली. परत मागवलेले सर्व साठे औषधकोशाच्या, म्हणजे औषधांची प्रमाणित मानके ठरवणाऱ्या ग्रंथाच्या, निकषांवर पूर्णपणे उतरत होते. शोधाअंती असे दिसले की अॅलिसायक्लोबॅसिलस नावाच्या, उष्ण व आम्ल परिस्थितीत वाढणाऱ्या जीवाणूच्या पेशीभित्तिकेतील पेप्टिडोग्लायकन हा घटक द्रवात शिल्लक होता. जीवाणू मेला होता, म्हणून द्रव निर्जंतुक होता. त्याचे अवशेष उरले होते, म्हणून तो निर्दोष नव्हता. प्रचलित चाचणी एंडोटॉक्सिन या दुसऱ्या जातीच्या जीवाणुजन्य द्रव्याचा शोध घेई, पेप्टिडोग्लायकनचा नव्हे. कंपनीच्याच शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला या शोधाचा निबंध २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

कुमारिलाच्या मते ज्ञानाचे स्वतःप्रामाण्य दोन मार्गांनी ढळते : एक तर ‘हे असे नाही’ असे सांगणारे बाधक ज्ञान उत्पन्न होते, किंवा ज्या साधनातून ज्ञान मिळाले त्या साधनातच दोष असल्याचे कळते. या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकामागून एक घडल्या. गढूळ पाणी हे बाधक ज्ञान होते आणि चाचणीची मर्यादा हा साधनातील दोष होता. विशेष म्हणजे बाधक ज्ञान रुग्णाच्या घरी उत्पन्न झाले आणि त्याने ते सांगितले म्हणूनच साधनातील दोषाचा शोध प्रयोगशाळेत लागू शकला. प्रमाणपत्र एक सांगत होते आणि शरीर दुसरे; खरे ठरले ते शरीर.

मात्र बाधक ज्ञान उत्पन्न होणे आणि ते ऐकले जाणे यांत मोठे अंतर आहे. घरी डायलिसिस करणाऱ्याला दाह झाला की पहिला प्रश्न बहुधा ‘हात नीट धुतले होते का’ असाच असतो. हा प्रश्न अवैज्ञानिक नाही, कारण हाताळणीतील चूक हे अशा संसर्गाचे एक नेहमीचे कारण आहे. परंतु तो शेवटचा प्रश्न ठरला तर त्याचे रूप पालटते. धर्मशास्त्रात कर्मविपाक नावाचे प्रकरण असून त्यात अमुक रोग हे अमुक पापाचे फळ अशा याद्या आढळतात आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात कर्मविपाक आणि शुद्धी या दोन्ही विषयांचा परामर्श एकाच खंडात घेतला आहे. त्या विचारसरणीचा आकर्षकपणा असा, की दुःखाचे कारण दुःखिताच्याच पदरी घातले की बाकीचे जग निर्दोष राहते. दाह झाला म्हणजे रुग्णाचीच हयगय झाली, असे तपासाआधी मानणे हा कर्मविपाकाचाच लौकिक अवतार आहे. त्याने रुग्णावर अन्याय होतो आणि त्याहून वाईट म्हणजे बाधक ज्ञान उगमापाशीच दडपले जाते. ज्याला दोष दिला जाणार हे ठाऊक आहे, तो गढूळ पिशवीची बातमी उशिरा देतो.

यावरून दोन्ही दर्शनांची वाटणी कशी करावी हे ठरवता येते. रुग्णाने मीमांसक असावे : सीलबंद, मुदतीतील, न गळणाऱ्या पिशवीवर त्याने विशेष कारण नसताना संशय घेऊ नये, कारण ज्याला दिवसातून चार वेळा हा द्रव घ्यायचा आहे तो सततच्या संशयाने उपचारच गमावून बसेल. उत्पादकाने आणि नियामकाने मात्र नैयायिक असावे : त्यांनी कोणतीही शुद्धता आपोआप सिद्ध मानू नये, निकषावर उतरणे म्हणजे निर्दोष असणे असे समजू नये आणि निकषाचीही परीक्षा वेळोवेळी घ्यावी. रुग्णाचा विश्वास भाबडा ठरू नये यासाठी संशय घेण्याचे कष्ट दुसऱ्या कोणीतरी त्याच्या वतीने घेतले पाहिजेत. ते जेथे घेतले जात नाहीत तेथे तोच विश्वास, रुग्णाचा काहीही दोष नसताना, अविवेकी होऊन जातो.

ही वाटणी टिकून राहण्यास तिसरी एक अट आवश्यक आहे, आणि ती दोन्ही पक्षांना जोडते. रुग्णाने पिशवीचा बॅच क्रमांक वहीत टिपून ठेवावा आणि गढूळ आलेली पिशवी फेकून न देता केंद्रात दाखवावी; केंद्राने जंतू न सापडलेला दाह ‘कारण अज्ञात’ म्हणून बंद न करता त्या क्रमांकासह पुढे कळवावा; आणि उत्पादकाने अशा नोंदी एकत्र ठेवून पाहाव्यात, कारण एका घरातील गढूळ पाणी योगायोग असू शकते, अनेक घरांतील मात्र पुरावा असते. येथे आप्तत्वाचा प्रवाह उलटा वाहतो. वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले होते. जन्म वा प्रतिष्ठा यांवर त्याने ते बेतले नाही. आपल्या शरीरात काय घडत आहे याचे साक्षात ज्ञान ज्याला आहे आणि ते जसेच्या तसे सांगण्यात ज्याचा जीव गुंतला आहे, तो रुग्ण या लक्षणात बसतो. त्याचे वचन प्रमाण मानणारी व्यवस्थाच त्याच्याकडे विश्वास मागण्यास पात्र ठरते.