पुढच्या वर्षीची आशा

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो. त्यापूर्वी, फेब्रुवारीच्या मध्यापासून, सर्व संघ सरावासाठी फ्लोरिडा व ॲरिझोना या उबदार राज्यांत मुक्काम हलवितात. उत्तरेकडील शहरांत तेव्हा अजून बर्फ असते. या पाच-सहा आठवड्यांत तीस संघांपैकी एकाच्याही खात्यावर हार लागलेली नसते, आणि तिसांचेही चाहते मनाशी एकच वाक्य घोळवीत असतात : यंदा आपली पाळी. त्यांपैकी एकोणतीस संघांच्या चाहत्यांची निराशा मात्र ठरलेली आहे, आणि हे त्यांना ठाऊक नसते असेही नाही. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, जी आशा बहुधा विफल होणार हे आपण जाणतो, ती बाळगणे हे शहाणपण की आत्मवंचना? निमित्त खेळाचे असले तरी प्रश्न खेळापुरता नाही. म्हणूनच आम्ही तो येथे विचारास घेतला आहे.

हा खेळच मुळी अपयशाची सवय लावणारा आहे. प्रत्येक संघास हंगामात १६२ सामने खेळावे लागतात, आणि उत्तमोत्तम संघही त्यांतील पन्नास-साठ हरतो. दहांपैकी तीन वेळा ज्याचा फटका साधतो तो फलंदाज चांगला गणला जातो. उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून परततो. एवढे पाहणाऱ्याला जगाची रीत कोणी निराळी समजावून सांगावी लागत नाही.

बुद्धिवादी म्हणेल की, आशा पुराव्याच्या प्रमाणात असावी. २०२४ साली शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाने १२१ सामने गमावले. १९०१ नंतरच्या काळातील हा उच्चांक होय. अशा संघाच्या चाहत्याने २०२५च्या वसंतात कशाच्या बळावर आशा धरावी? त्या वर्षीही तो संघ १०२ सामने हरलाच. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो आशा व भाकीत यांची गल्लत करतो. भाकीत खरे की खोटे एवढेच पाहावयाचे असते. आशेची परीक्षा वेगळी : ती माणसाकडून काय करविते, हे तेथे पाहावे लागते. आपला संघ दुबळा असताना जो त्यास बलाढ्य म्हणतो, तो स्वतःस फसवितो. परंतु संघाचे दुबळेपण पुरते ओळखूनही जो पहिल्या सामन्यास हजर राहतो, त्याने कोणतेही खोटे विधान केलेले नसते. त्याने केवळ सोबत सोडलेली नसते.

यावर दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. आपल्याकडे कर्माचा अधिकार माणसास दिला आणि फळावरील हक्क काढून घेतला. बेसबॉलच्या चाहत्याच्या हाती तर फळही नाही नि कर्मही नाही. चेंडू दुसराच टाकतो, दुसराच टोलवितो. हा नुसता बसून झुरतो. मग या झुरण्याला नैतिक मोल कोणते? आमच्या मते त्याचे कर्म म्हणजे साक्षी राहणे आणि स्मरण ठेवणे. एर्नी बँक्स हा खेळाडू १९५३ ते १९७१ या काळात शिकागोच्याच कब्ज संघाकडून २,५२८ सामने खेळला, आणि त्याला हंगामोत्तर अजिंक्यपदाच्या फेरीतील एकही सामना लाभला नाही. जानेवारी २०१५मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, २०१६ साली, कब्जने अजिंक्यपद मिळविले. त्यापूर्वीचे १९०८ सालचे होते. त्या दिवसांत लोकांनी रिग्ली फील्ड मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपल्या दिवंगत आप्तांची नावे लिहिली. ज्यांची आशा हयातीत फळली नाही, त्यांची ती नावे होती. आशा विफल झाली म्हणजे ती वाया गेली असे जर असते, तर त्या विजयाच्या दिवशी त्यांची आठवण कोणास कशाला झाली असती? त्याच रात्री क्लीव्हलंडमधील हजारो लोक खिन्न मनाने घरी गेले, हेही विसरता येत नाही. त्यांचा संघ १९४८नंतर अजिंक्यपदाची वाट पाहत होता.

सर्वांत कठीण उदाहरण ब्रुकलिनचे. तेथील डॉजर्स संघ १९४१, १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ या पाचही साली अंतिम मालिकेत न्यूयॉर्कच्या यांकी संघाकडूनच हरला. प्रत्येक हारीनंतर ब्रुकलिनचे लोक म्हणत, पुढच्या वर्षी पाहा. विसर्जनाच्या वेळी पुढच्या वर्षाचे आवतण देणाऱ्या मराठी माणसाला या दोन शब्दांतील हुरहूर वेगळी सांगावयास नको. १९५५ साली ते पुढचे वर्ष एकदाचे उगवले. आणि १९५७चा हंगाम संपताच मालक वॉल्टर ओमॅली यांनी संघ लॉस एंजलिसला नेला. १९६० साली एबेट्स फील्ड हे जुने मैदानही पाडण्यात आले. कायद्याने संघ मालकाचा होता. ज्यांनी त्याच्यासाठी वर्षानुवर्षे जीव टाकला, त्यांचा त्यावर काडीचाही हक्क नव्हता.

येथे निष्ठेचे गोडवे गाऊन मोकळे होणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. एकाच्या आशेवर दुसरा नफा मिळवितो, तेव्हा आशा निर्मळ असली म्हणून व्यवहार निर्मळ ठरत नाही. तथापि मालकाच्या करणीवरून चाहत्यास मूर्ख ठरविणे हाही अन्यायच. विश्वासघाताचा दोष विश्वास मोडणाऱ्याचा, ठेवणाऱ्याचा नव्हे.

तेव्हा आमचा निर्णय असा. आशेने दोन पथ्ये पाळावीत. वस्तुस्थितीविषयी खोटे बोलू नये, आणि जो आपल्या आशेवर पोट भरतो त्याच्या हवाली आपली विवेकबुद्धी करू नये. ही पथ्ये पाळणारी आशा आत्मवंचना नव्हे. हरणाऱ्या संघाचा चाहता वसंतात तिकीट काढतो, तेव्हा जिंकण्याची हमी त्याने कोणाकडे मागितलेली नसते. आपल्या शेजाऱ्यांसमवेत, आपल्या पूर्वजांनी बसून पाहिले तेथे, आणखी एक वर्ष बसण्याचे त्याने ठरविलेले असते. माणसाच्या पुष्कळशा निष्ठा, घराविषयीच्या, गावाविषयीच्या, भाषेविषयीच्या, याहून फारशा भक्कम आधारावर उभ्या नसतात. आणि तरीही त्या सोडाव्यात असे कोणी शहाणा म्हणत नाही.